वेगमर्यादेपेक्षा किती जास्त वेग चालतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेगमर्यादा थोडीशी ओलांडली तर दंड होत नाही, असा समज वाहनचालकांमध्ये सर्वत्र आढळतो. फक्त ‘थोडीशी’ म्हणजे किती, यावर प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. हा समज पूर्णपणे निराधार नाही, पण ज्या कारणांवर तो उभा आहे ती कारणे बहुतेकांना ठाऊक नसतात. पुढील उत्तरांत ती कारणे आणि निरनिराळ्या देशांतील प्रत्यक्ष नियम मांडले आहेत.

मर्यादेपेक्षा नेमक्या किती जास्त वेगापर्यंत दंड होत नाही?

सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. कायद्याच्या दृष्टीने ८० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ८१ हा वेगही उल्लंघनच असतो. प्रत्यक्षात दंडाची कारवाई मात्र काही फरक सोडून सुरू होते. हा फरक देशागणिक, मोजणीच्या उपकरणागणिक आणि रस्त्याच्या प्रकारागणिक बदलतो. काही ठिकाणी तो लेखी नियमात असतो, काही ठिकाणी पोलिसांच्या अंतर्गत मार्गदर्शक सूचनांत, तर काही ठिकाणी केवळ समोरच्या अधिकाऱ्याच्या विवेकावर. मात्र एक गोष्ट बहुतेक ठिकाणी समान आहे: ही सूट मुख्यतः मोजणाऱ्या यंत्राच्या संभाव्य चुकीसाठी राखून ठेवलेली असते, चालकाने वापरून टाकावी म्हणून दिलेली नसते.

लेखी स्वरूपात सूट कोठे दिलेली आहे?

जर्मनीत स्थिर उपकरणाने मोजलेल्या वेगातून ताशी १०० किलोमीटरपर्यंत ३ किलोमीटर आणि त्यावरील वेगासाठी ३ टक्के वजा केले जातात आणि उरलेल्या आकड्यावर दंड ठरतो. फ्रान्समध्ये स्थिर रडारसाठी हीच वजावट १०० च्या आत ५ किलोमीटर आणि त्यापुढे ५ टक्के आहे. चालत्या वाहनात बसवलेल्या रडारसाठी ती दुप्पट होते, कारण चालत्या गाडीतून घेतलेले मोजमाप तुलनेने कमी भरवशाचे मानले जाते.

ब्रिटनमध्ये पोलीस प्रमुखांच्या परिषदेची मार्गदर्शक सूचना ‘मर्यादेच्या १० टक्के अधिक २ मैल’ अशी आहे. त्यामुळे ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर साधारणपणे ३५ पासून कारवाई सुरू होते. तथापि ही केवळ सूचना आहे. ३१ वर कारवाई करण्याचा पोलिसांचा अधिकार तिने काढून घेतलेला नाही, ही बाब सांगोवांगी पसरलेल्या माहितीतून हमखास गळते.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी आहे. फ्लोरिडात ताशी ५ मैलांपर्यंतच्या उल्लंघनाला दंडाऐवजी ताकीद देण्याची तरतूद कायद्यातच आहे, पण शाळेच्या परिसराला ती लागू नाही. पेनसिल्व्हेनियात रडारच्या पुराव्यावर दोषी ठरवण्यासाठी सर्वसाधारणपणे नोंदलेला वेग मर्यादेपेक्षा किमान ६ मैलांनी जास्त असावा लागतो. मेरीलँडमधील वेग कॅमेरे १२ किंवा अधिक मैलांच्या उल्लंघनावर, तर न्यूयॉर्क शहरातील शाळा परिसरांतील कॅमेरे १० मैलांहून अधिक उल्लंघनावर नोटीस पाठवतात. यातील शेवटचे दोन आकडे कॅमेऱ्यांपुरते आहेत, हे लक्षात ठेवणे फार आवश्यक आहे. त्याच रस्त्यावर प्रत्यक्ष उभा असलेला पोलीस त्याहून कितीतरी कमी फरकावर वाहन थांबवू शकतो.

अशी सूट ठेवण्यामागचे कारण काय?

पहिले कारण तांत्रिक आहे. कोणतेही मोजमाप पूर्णपणे अचूक नसते; त्यामुळे यंत्राच्या जास्तीत जास्त चुकीइतका आकडा आधीच वजा केला की उरलेल्या वेगाबाबत न्यायालयात वाद उरत नाही. दुसरे कारण प्रशासकीय आहे. मर्यादेपेक्षा एकेका किलोमीटरने पुढे गेलेल्या प्रत्येकाला नोटीस पाठवायची ठरवली, तर त्या छापण्यात, पाठवण्यात आणि हरकती ऐकण्यातच यंत्रणा अडकून पडेल आणि खरोखर बेफाम चालवणाऱ्यांकडे दुर्लक्ष होईल. तिसरे कारण मानवी आहे. चालकाने सतत काट्याकडे नव्हे तर रस्त्याकडे पाहावे अशी अपेक्षा असते आणि पाय पेडलवर कितीही स्थिर ठेवला तरी वेग थोडा वरखाली होतोच.

यातील पहिल्या कारणासाठी दिलेली सूट तंत्रज्ञान सुधारेल तशी आक्रसत जाते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २००२ मध्ये कारवाईचा उंबरठा खाली आणला आणि आज तेथील वजावट अवघ्या दोन-तीन किलोमीटरची आहे. म्हणून एखाद्याचा दहा वर्षांपूर्वीचा अनुभव आजच्या रस्त्यावर उपयोगी पडेलच असे नाही.

पण अनेकजण वर्षानुवर्षे मर्यादेपेक्षा ८-१० ने जास्त चालवतात आणि त्यांना दंड होत नाही, हे कसे?

या प्रश्नाचे खरे उत्तर पोलिसांच्या उदारतेत नसून गाडीच्या स्पीडोमीटरमध्ये दडलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ३९ अनेक देशांतील वाहन उत्पादक पाळतात. त्यानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त मात्र दाखवला तर चालतो, आणि तोही खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतका. म्हणजे गाडी खरोखर १०० ने धावत असताना काट्याने ११४ दाखवले, तरी ते नियमात बसते. प्रत्यक्षात फरक इतका मोठा क्वचितच असतो, पण उत्पादक सावधगिरी म्हणून काटा थोडा पुढेच ठेवतात.

आता ८० च्या मर्यादेचा रस्ता घेऊ. चालकाला काट्यावर ८८ दिसत आहेत, पण खरा वेग ८२ आहे. रस्त्याकडेच्या यंत्राने ८२ मोजले आणि नियमाप्रमाणे ३ वजा केले, तर ७९ उरतात. दंड होत नाही. चालक मात्र ‘मी ८ ने जास्त होतो तरी काही झाले नाही’ असा निष्कर्ष काढतो, तो चारचौघांत सांगतो आणि त्यातूनच ‘दहापर्यंत कोणी विचारत नाही’ हा नियम जन्माला येतो.

पुढे हाच चालक नवी गाडी घेतो, जिचा काटा केवळ एका किलोमीटरने पुढे आहे. सवयीप्रमाणे तो ८८ वर चालवतो. खरा वेग ८७ निघतो, ३ वजा जाता ८४ उरतात आणि पावती फाटते. पोलीस अचानक कडक झाले असे त्याला वाटते. वास्तविक बदललेला असतो तो फक्त त्याच्या समोरचा काटा. आमच्या मते या विषयावरील निम्म्याहून अधिक वाद एवढी एक गोष्ट समजली तर मिटतील.

टायर बदलल्याने स्पीडोमीटरच्या आकड्यात फरक पडतो का?

पडतो, आणि तो दोन्ही दिशांनी पडू शकतो. गाडीचा वेग चाकाच्या फेऱ्यांवरून काढला जातो, त्यामुळे चाकाचा घेर बदलला की हिशेब बदलतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून अनेक देशांतील किमान कायदेशीर मर्यादेवर, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली, की टायरचा व्यास सुमारे १३ मिलिमीटरने घटतो. सर्वसामान्य मोटारीच्या चाकासाठी हा फरक जवळपास दोन टक्क्यांचा असतो आणि काटा तेवढा अधिक वेग दाखवू लागतो. याउलट, दिसायला रुबाबदार म्हणून मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले, तर काटा मागे पडतो आणि ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात त्याहून वेगात असते. असे टायर बसवणाऱ्याने ‘माझा काटा तर ८० दाखवत होता’ ही सबब कोणी ऐकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मोबाइलवर दिसणारा जीपीएसचा वेग जास्त विश्वासार्ह आहे का?

सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जात असताना तो बहुधा स्पीडोमीटरपेक्षा खऱ्या वेगाच्या अधिक जवळ असतो. वेग झपाट्याने वाढवताना किंवा कमी करताना तो क्षणभर मागे राहतो; बोगद्यात, उंच इमारतींच्या गर्दीत आणि दाट झाडीत त्यावर विसंबू नये. आपल्या गाडीचा काटा किती पुढे आहे हे जाणून घेण्यासाठी सहप्रवाशाने दोन्ही आकडे काही वेळ ताडून पाहणे हा उत्तम मार्ग आहे. ती माहिती मिळाली की तिचा वापर काट्यावर जास्त पुढे जाण्यासाठी करायचा की मर्यादा नेमकी पाळण्यासाठी, हे ज्याचे त्याने ठरवावे. फक्त एकदा खरा वेग कळल्यावर आपल्याकडे काट्याची गुप्त सूट शिल्लक राहिलेली नसते.

वेग कसा मोजतात आणि त्या मोजणीत चूक होऊ शकते का?

रडार यंत्र रेडिओ लहरी सोडते आणि वाहनावर आदळून परतलेल्या लहरींच्या वारंवारितेत झालेल्या बदलावरून वेग काढते. यंत्र रस्त्याच्या अगदी समोर नसून बाजूला असते, त्यामुळे ते वाहनाच्या पूर्ण वेगाऐवजी त्याचा यंत्राच्या दिशेने असलेला भागच मोजते. हा कोन २० अंशांचा असेल आणि त्याची दुरुस्ती यंत्रात केलेली नसेल, तर १०० चा वेग सुमारे ९४ नोंदला जातो. थोडक्यात, उभ्या असलेल्या रडारची ही चूक चालकाच्या फायद्याची असते. गस्तीच्या चालत्या गाडीतील रडारबाबत मात्र असे छातीठोकपणे सांगता येत नाही. ते स्वतःच्या गाडीचा वेगही रडारनेच मोजते; तो कमी मोजला गेला तर समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग वाढीव निघतो.

लेझर यंत्र प्रकाशाचे अनेक स्पंद एकापाठोपाठ पाठवून अंतर कसे घटते हे पाहते. त्याचा झोत अरुंद असल्याने गर्दीतील एकच वाहन निवडता येते, जे रडारला अवघड जाते. मात्र हात हलला आणि झोत वाहनाच्या एका भागावरून दुसऱ्या भागावर सरकला तर नोंद बिघडू शकते. रस्त्यात पुरलेल्या संवेदकांची पद्धत सर्वांत साधी आहे: दोन ठिकाणांमधील ठरावीक अंतर वाहनाने किती वेळात कापले, एवढेच त्यात पाहिले जाते. ज्या कॅमेऱ्यांसमोर रस्त्यावर पांढऱ्या रेषा आखलेल्या असतात, तेथे ठरावीक अंतराने दोन छायाचित्रे घेऊन रडारचा आकडा रेषांवरून पुन्हा पडताळता येतो. अशा कॅमेऱ्यांचा जनक मॉरिस गॅट्सोनाइड्स हा डच रॅली चालक होता आणि त्याचा मूळ हेतू वळणांवर स्वतःची गाडी अधिक वेगाने कशी नेता येईल हे मोजण्याचा होता, हा इतिहासातील एक गमतीदार भाग.

सर्वांत कमी अचूक पद्धत म्हणजे पोलिसांनी मागे गाडी लावून आपल्याच स्पीडोमीटरवरून वेग ठरवणे. म्हणूनच जर्मनीत प्रमाणित न केलेल्या काट्यावरून घेतलेल्या अशा नोंदीतून स्थिर यंत्रापेक्षा कितीतरी जास्त वजावट होते. वेगाच्या दंडाची सुरुवातही पाठलागानेच झाली: १८९६ मध्ये इंग्लंडमधील केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड याला ताशी २ मैलांच्या मर्यादेत ८ मैलांनी मोटार चालवल्याबद्दल १ शिलिंग दंड झाला, तेव्हा पोलिसाने त्याला सायकलवरून गाठले होते.

कॅमेरा दिसताच ब्रेक दाबला तर?

एकाच ठिकाणी मोजणाऱ्या कॅमेऱ्याबाबत त्याचा उपयोग होतो, पण मागून येणारे वाहन आदळण्याचा धोका वाढतो. सरासरी वेग मोजणाऱ्या व्यवस्थेत तर तेवढाही उपयोग नाही. ब्रिटन, इटली, ऑस्ट्रिया आदी देशांत अशी व्यवस्था दीर्घकाळापासून आहे. दोन कॅमेरे वाहनाचा क्रमांक वाचतात आणि मधल्या अंतरासाठी लागलेला वेळ पाहतात. समजा त्यांच्यात १० किलोमीटरचे अंतर आहे आणि मर्यादा ८० आहे. हे अंतर कापायला किमान साडेसात मिनिटे लागायला हवीत. कोणी ते ६ मिनिटे ४० सेकंदांत पार केले तर त्याची सरासरी ९० होती, मग दोन्ही कॅमेऱ्यांखालून तो कितीही सावकाश गेलेला असो.

सगळी वाहने त्याच वेगाने जात होती, हे कारण ग्राह्य धरले जाते का?

नाही. इतरांनी उल्लंघन केले म्हणून आपले उल्लंघन नाहीसे होत नाही, आणि दहा वाहनांपैकी एकालाच थांबवले म्हणून कारवाई बेकायदा ठरत नाही. वाहतुकीच्या ओघात चालणाऱ्याकडे पोलीस बहुधा दुर्लक्ष करतात, कारण त्यांची नजर ओघापेक्षा वेगळ्या वागणाऱ्या वाहनावर, म्हणजे सतत मार्गिका बदलणाऱ्यावर किंवा पुढच्याच्या अगदी जवळ चिकटून जाणाऱ्यावर असते. कॅमेऱ्याला ओघ वगैरे काही कळत नाही.

ओव्हरटेक करताना किंवा उतारावर थोडा वेग वाढला तर सूट मिळते का?

सर्वसाधारणपणे मिळत नाही. मर्यादेत राहून ओव्हरटेक करता येत नसेल, तर ओव्हरटेक करू नये असेच बहुतेक कायद्यांचे म्हणणे आहे. उतारावर खालचा गिअर टाकावा. क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, लावलेले असले तरी अनेक गाड्यांत ते उतारावरचा वेग रोखून धरत नाही.

सूट अजिबात गृहीत धरू नये अशा जागा कोणत्या?

शाळांचा परिसर, रस्त्याचे काम चालू असलेला भाग आणि निवासी वस्तीतील ताशी ३० किलोमीटरचे रस्ते. अशा ठिकाणी सूट बऱ्याचदा कमी केलेली किंवा काढून टाकलेली असते आणि अनेक ठिकाणी दंडही वाढीव असतो. कामाच्या जागी मर्यादा तात्पुरती असल्याने नकाशाच्या ॲपमध्ये जुनाच आकडा दिसत राहतो. तेथे फलकच प्रमाण मानावा.

मर्यादेच्या आत असूनही दंड होऊ शकतो का?

होऊ शकतो. फलकावरचा आकडा कोरड्या रस्त्यासाठी आणि स्वच्छ हवामानासाठी असतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात तर ‘मूलभूत वेग नियम’ स्वतंत्रपणे दिला आहे: हवामान, दृश्यमानता, रहदारी आणि रस्त्याची स्थिती पाहता जो वेग वाजवी नाही तो बेकायदा, मग फलकावर काहीही लिहिलेले असो. दाट धुक्यात १०० च्या रस्त्यावर ९० ने जाणारा या नियमात अडकतो. याच्या उलट टोकाला जर्मनीतील काही महामार्गांचे पट्टे आहेत, जेथे बंधनकारक मर्यादाच नाही, फक्त ताशी १३० ची शिफारस आहे. ती ओलांडल्याबद्दल दंड होत नाही. मात्र अपघात झाल्यास नुकसानीची जबाबदारी ठरवताना तो वेग चालकाच्या विरोधात मोजला जाऊ शकतो.

थोड्या फरकाचा दंड किरकोळच असतो ना?

रक्कम पुष्कळदा किरकोळ असते, परिणाम नेहमीच तसे नसतात. अनेक देशांत दंडाबरोबर परवान्यावर दंडगुणांची नोंद होते; ते साचले की परवाना निलंबित होतो आणि विम्याचा हप्ताही वाढू शकतो. फ्रान्समध्ये उलट परवान्यावरील गुण कापले जातात; त्या देशाने १ जानेवारी २०२४ पासून ताशी ५ किलोमीटरपेक्षा कमी उल्लंघनासाठी ही गुणकपात बंद केली, दंड मात्र कायम ठेवला. फिनलंडमध्ये मोठ्या उल्लंघनाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. २०२३ मध्ये तेथील ओलांड बेटांवर ५० च्या मर्यादेत ८२ ने गाडी चालवणाऱ्या एका धनाढ्य उद्योजकाला १ लाख २१ हजार युरो भरावे लागले.

ताशी ८-१० किलोमीटरने खरोखर काही फरक पडतो का?

वेळेत फारसा नाही, धोक्यात बराच. ३० किलोमीटरचा प्रवास ८० ने साडेबावीस मिनिटांत होतो. ८८ ने तो साडेवीस मिनिटांच्या आसपास संपतो, म्हणजे दोन मिनिटे वाचतात, आणि तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर.

थांबण्याचे गणित वेगळे आहे, कारण ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन सारख्या गाड्या शेजारून जात आहेत, एक ५० ने आणि दुसरी ६० ने. दोघांनाही एकाच क्षणी अडथळा दिसतो, दोघेही एका सेकंदाने ब्रेक दाबतात आणि रस्ता कोरडा आहे असे धरू. पहिली गाडी सुमारे २८ मीटरवर पूर्ण थांबते. त्याच जागी दुसऱ्या गाडीचा वेग अजून ताशी ४० च्या जवळपास असतो. अडथळा म्हणजे रस्ता ओलांडणारा माणूस असेल, तर पहिली गाडी त्याच्यासमोर थांबलेली असते आणि दुसरी त्याला ४० च्या वेगाने धडकलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. या कारणासाठी आम्हाला ‘किती चालते’ हा प्रश्न वस्तीतील रस्त्यांबाबत विचारण्याजोगाच वाटत नाही. मोकळ्या महामार्गाबाबत तो निदान समजू शकतो.

रडारची सूचना देणारे उपकरण वापरावे का?

आधी स्थानिक कायदा पाहावा. अमेरिकेतील व्हर्जिनियात अशी उपकरणे बेकायदा आहेत, तर जर्मनीत गाडी चालवताना कॅमेऱ्याची सूचना देणारे मोबाइल ॲप वापरण्यासही मनाई आहे. अशा ठिकाणी वेगाच्या दंडाआधी उपकरणाचाच दंड भरावा लागतो.

चुकीचा दंड झाला असे वाटत असेल तर काय करावे?

रस्त्यावर वाद घालू नये. तेथे बोललेले ‘फक्त पाच-सातनेच जास्त होतो’ हे वाक्य पुढे कबुली म्हणून वापरले जाऊ शकते. नोटिशीवरील ठिकाण, वेळ, वाहनाचा क्रमांक आणि वजावट केलेली आहे की नाही हे प्रथम तपासावे. त्यानंतर यंत्राचे शेवटचे प्रमाणीकरण कधी झाले त्याचा दाखला आणि छायाचित्र मागावे. छायाचित्रात दोन वाहने असतील तर नोंदलेला वेग कोणाचा, हा रास्त प्रश्न आहे. मर्यादेचा फलक झाडीने झाकलेला किंवा पडलेला असेल, तर त्याचे छायाचित्र लगेच काढून ठेवावे. हरकतीची मुदत मात्र काटेकोर असते आणि ती टळल्यावर कितीही भक्कम मुद्दा ऐकला जाईलच असे नाही. वजावट करूनही नोंद स्पष्टपणे मर्यादेबाहेर असेल, तर भरून मोकळे होणे शहाणपणाचे.

नव्या गाड्या वेगमर्यादा स्वतःहून पाळतात असे ऐकले, ते खरे आहे का?

पूर्णपणे नाही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी व्यवस्था बंधनकारक आहे. ती कॅमेऱ्याने फलक वाचते किंवा नकाशावरून मर्यादा घेते आणि ती ओलांडली की आवाज, कंपन किंवा पेडलवरील दाब यांपैकी एखाद्या प्रकारे सूचना देते. चालकाला ती झुगारता येते आणि बंदही करता येते. तिचे वाचन चुकूही शकते: शेजारच्या उपरस्त्याचा फलक मुख्य रस्त्याचा समजणे किंवा तात्पुरता फलक निसटणे असे प्रकार घडतात. गाडीने पडद्यावर १०० दाखवले आणि रस्त्यावर ८० चा फलक असेल, तर मर्यादा ८० चीच असते आणि दंडही चालकाच्याच नावाने निघतो.